गुरुजींचे ऋण आणि विद्यार्थी भीमराव

५ सप्टेंबर जवळ आला की नाशिकच्या मेनरोडपासून कॉलेजरोडपर्यंतच्या दुकानांत पेनांचे संच, गुलाबाची फुले, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तू यांची रास लागते. शाळाशाळांतून वर्गणी निघते. आमच्या परिचयाचे एक कुटुंब नाशिकच्या एका वस्तीत राहते. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बिगारी कामावर जातात. मुलगी सातवीत. वर्गातील मुलांनी बाईंना भेटवस्तू द्यायची ठरविली आणि प्रत्येकी १०० रुपये काढले. त्या आठवड्यात या घरात १०० रुपये नव्हते. मुलगी शिक्षकदिनी शाळेतच गेली नाही. ज्या बाईंवर तिचा सर्वांत जास्त जीव, त्याच बाईंच्या कौतुकाच्या दिवशी ती घरात तोंड लपवून बसली. बाईंना याचा पत्ताही नसेल. त्यांना कळले असते तर कदाचित त्यांनी ती भेटवस्तू हातातही धरली नसती.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हास सतावतो आहे. शिक्षकाचे ऋण विद्यार्थ्याने फेडायचे तरी कसे? पैशाने? पायावर डोके ठेवून? गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा करून? या देशातील जुन्या व्यवस्थेने गुरुदक्षिणेची जी गोष्ट आम्हाला पिढ्यानपिढ्या ऐकविली, ती तर एकलव्याची. ज्या गुरूने शिकविले नाही, त्यानेच दक्षिणा मागितली आणि ज्याने स्वतःच्या बळावर विद्या मिळविली, त्याने अंगठा कापून दिला. आदर्श शिष्य म्हणून त्याचे गोडवे गायले गेले. पण तो अंगठा कोणाच्या भल्यासाठी कापला गेला, हे मात्र कोणी विचारायचे नाही! असली गुरुभक्ती बहुजनांच्या मुलांना परवडणारी नाही.

मग दुसरा मार्ग कोणता? तो शोधण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. पण विद्यार्थी म्हणून बाबासाहेब कसे होते, आपल्या शिक्षकांशी ते कसे वागले, याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. त्यांचे सारे चरित्र या एका बाजूने पाहिले तर एका विद्यार्थ्याने गुरुऋण कसे फेडावे, याचा धडाच हाती लागतो.

भीमरावांचे पहिले शिक्षक त्यांचे वडीलच. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला तेव्हा रामजी सुभेदार लष्करात होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनीवर संसार चालविताना मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे कमी पडले, तर हा बाप लग्न झालेल्या लेकींच्या दारात जाई, त्यांचा दागिना मागून आणी, तो गहाण ठेवी आणि पुस्तक विकत आणी. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत करी. या बापाला मुलाचे मोठेपण पाहायला मिळाले नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत ते गेले. पण १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील जगप्रसिद्ध ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला, तेव्हा त्याची अर्पणपत्रिका आई-वडिलांच्या स्मृतीस होती. ज्याने दागिने गहाण ठेवून पुस्तके आणली, त्याला पोराने पुस्तकच परत केले. हे पहिले गुरुऋण!

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाने त्यांची नोंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, तो यासाठीच. त्या शाळेत अस्पृश्य मुलाला घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय घोट मिळत नसे. शिपाई नसेल तर पाणी नाही. एवढ्या अंधारातही दोन शिक्षक त्यांच्या आठवणीत कायमचे राहिले.

एक होते पेंडसे गुरुजी. एकदा धो धो पावसात भिजून चिंब झालेला भिवा शाळेत आला, तेव्हा पेंडसे गुरुजींनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठविले, गरम पाण्याने अंघोळ घालायला सांगितले आणि कोरडे वस्त्र दिले. दुसरे होते आंबेडकर नावाचे गुरुजी. दुपारच्या सुट्टीत हा मुलगा घरी जेवायला जाण्यासाठी लांब पायपीट करतो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी रोज त्याला द्यायला सुरुवात केली. विटाळाची रूढी त्यांनाही मोडता आली नव्हती. भाकरी वरून ओंजळीत पडत असे. पण पोटच्या पोरासारखी माया त्या भाकरीत होती आणि बाबासाहेब पुढे आयुष्यभर त्या भाकरीची आठवण अभिमानाने सांगत राहिले.

येथे आमच्याच समाजातील एका वादाला स्पर्श करणे भाग आहे. आंबेडकर हे आडनाव या गुरुजींनी दिले, की आंबडवे या मूळ गावावरून ते आधीच ठरले होते, यावर अलीकडे बरीच चर्चा होते. काही मंडळी या गोष्टीचा उपयोग असा करतात, जणू बाबासाहेबांचे सारे मोठेपण एका ब्राह्मण शिक्षकाच्या कृपेने उभे राहिले! त्याला उत्तर म्हणून आमच्यापैकी काहीजण त्या शिक्षकाचे नावच नको, असे म्हणू लागतात. आम्हास दोन्ही टोके चुकीची वाटतात. आडनावाचा उगम काहीही असो. त्या शिक्षकाच्या मायेची साक्ष स्वतः बाबासाहेबांनी दिली आहे. ती पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. १९३० साली ते गोलमेज परिषदेसाठी विलायतेला निघाले तेव्हा या म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना मायेचे पत्र पाठविले. देशाच्या राजकारणाचा डोंगर अंगावर असताना बाबासाहेबांनी ते पत्र जपून ठेवले. पुढे गुरुजी मुंबईत त्यांना भेटायला आले तेव्हा त्यांचे अत्यंत आदराने स्वागत केले. आणि याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली होती! गुरुजींच्या भाकरीपायी त्यांनी मनुस्मृतीला माफी दिली नाही. मनुस्मृतीच्या रागापायी गुरुजींच्या भाकरीचा विसर पडू दिला नाही. माणूस आणि व्यवस्था यांत फरक करण्याची ही ताकद आमच्यात कधी येणार?

म्हणून हेही लक्षात ठेवले पाहिजे की बाबासाहेबांनी शिक्षक म्हणविणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावर घेतले नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना फळ्याजवळ बोलाविले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावपळ केली. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. पण अस्पृश्याला ती भाषा शिकविण्याची शिक्षकांची तयारी नव्हती, म्हणून फारसी घ्यावी लागली. या नकाराचे उत्तर त्यांनी पुढे स्वतः संस्कृत शिकून आणि ते ग्रंथ मुळातून तपासून दिले. वाईट शिक्षकाचेही ऋण असते. ते असे फेडायचे असते!

याच मुंबईत त्यांना कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यांनी छत्रपती शिवरायांचे आणि तथागत बुद्धांचे चरित्र लिहिले होते. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचीत बसत. त्याच बागेत एक पोरगा रोज पुस्तकात डोके खुपसून बसलेला त्यांनी पाहिला, विचारपूस केली आणि त्याला पुस्तके पुरवायला लागले. ते भीमरावांच्या शाळेचे शिक्षक नव्हते, पगार तर दूरच. शालेय परीक्षेतील यशाबद्दल भीमरावांचा छोटासा सत्कार झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांना नेण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता. त्यातून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचे शिक्षण पार पडले.

त्या बुद्धचरित्राने काय केले? ते वाचून या मुलाने वडिलांनाच प्रश्न केला, की आपण रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे साहित्य का दिले नाही? त्या दिवशी पडलेले बीज सुमारे अर्धे शतक मातीत राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांच्या रूपाने उगवून आले. केळुसकर गुरुजी हा दिवस पाहायला नव्हते. १९३४ मध्येच ते गेले होते. पण त्याच १९५६ सालच्या एप्रिलमध्ये आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या अखेरच्या ग्रंथासाठी प्रास्ताविक लिहिताना, आजाराने शरीर खिळखिळे झालेले असतानाही, बाबासाहेबांनी ही सगळी हकीकत नावानिशी लिहून ठेवली. शाळकरी वयात मिळालेल्या एका पुस्तकाचे ऋण त्यांनी मरणापूर्वी काही महिने चुकते केले. कोणत्या शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा मिळाली असेल?

एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडे दिले. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. या विद्यापीठात त्यांच्या बाकाला गोणपाट नव्हते आणि पाण्याला शिपाई लागत नव्हता. १९१६ साली याच विद्यापीठातील एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. शिक्षकाने शिकविलेली शास्त्रीय पद्धत हाती घेऊन विद्यार्थ्याने स्वतःच्या देशाचा दुखरा भाग कापून दाखविला.

परदेशी शिक्षकांशी ते कसे वागले, यातही शिकण्यासारखे आहे. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना, प्रस्तावना सेलिग्मन गुरुजींची. म्हणजे शिक्षणाला पैसा देणारा आणि विद्या देणारा असे दोघेही त्यांनी एकाच पुस्तकात उभे केले. लंडनमध्ये एडविन कॅनन हे त्यांचे शिक्षक. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेत आपल्या विद्यार्थ्याची अनेक मते आपल्याला मान्य नाहीत, हेही स्पष्ट लिहिले. विद्यार्थ्याने ती प्रस्तावना लपविली नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच छापली. गुरूने शिष्याच्या स्वतंत्र बुद्धीला दाद द्यावी आणि शिष्याने गुरूचा मतभेद मानाने मिरवावा, हे नाते आमच्या गुरुकुलांत कधी दिसले का? तेथे तर प्रश्न विचारणे हाच गुन्हा होता.

जॉन ड्युईंचे ऋण तर त्यांनी आयुष्यभर मानले. १९३६ साली जातिप्रथेच्या विध्वंसनावर लिहिलेल्या क्रांतिकारक भाषणात त्यांनी ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणूनच केला. समाजाने जुन्यातले सगळेच जपायचे नसते, पुढच्या पिढीसाठी चांगले तेवढे निवडायचे असते, हा ड्युईंचा विचार त्यांनी जातीच्या मुळावर घातला. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी देऊन गौरविले. ते त्यासाठी अमेरिकेला पोहोचत होते, त्याच दिवसांत, १ जून १९५२ रोजी ड्युई मरण पावले. ज्या शिक्षकाला भेटण्याची ओढ होती, त्याची भेट चार दिवसांनी हुकली. आपल्या सगळ्या बौद्धिक जडणघडणीचे श्रेय या गुरूला आहे, अशा अर्थाचे त्यांनी पत्नीला कळविले. सन्मान स्वीकारायला निघालेला माणूस गुरू गेल्याच्या दुःखात होता.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेब स्वतःही शिक्षक होते, हेही विसरू नका. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अस्पृश्य मनुष्य काय शिकविणार, असे म्हणणारी पोरेच पुढे त्यांच्या तासाला कान देऊन बसू लागली. दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही येऊ लागले. शिक्षकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून मात्र सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव दिले.

हे नाव मुद्दाम दिलेले आहे. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याला वादात हरविणारा कोणी भेटत नव्हता. भदंत नागसेनांपुढे त्याने प्रश्नांची सरबत्ती केली, एकही प्रश्न मनात ठेवला नाही आणि उत्तरे पटली तेव्हाच मान लवविली. बाबासाहेबांनी कॉलेजला या प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव दिले आणि कॉलेज ज्या परिसरात उभे आहे त्याला नागसेनवन, म्हणजे शिक्षकाचे नाव. तेथे दररोज शिकायला जाणारा प्रत्येक मुलगा शिक्षकाच्या वनातून चालत विद्यार्थ्याच्या घरात शिरतो. एकलव्याच्या अंगठ्याला बाबासाहेबांनी दिलेले हे उत्तर आहे.

ज्यांना त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही, अशांनाही त्यांनी गुरू मानले. बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले हे आपले तीन गुरू आहेत, असे १९५४ साली मुंबईतील जाहीर समारंभात त्यांनी सांगितले. १९४६ साली शूद्रांच्या इतिहासावरील ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. या तिघांनी त्यांच्याकडून काय घेतले? ना फूल, ना नारळ. घेतली ती फक्त पुढची वाटचाल. आणि गुरू मानण्याचा अर्थ डोळे मिटून भक्ती करणे नव्हे, हेही त्यांनी बजावले होते. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला. आदर वेगळा, लोटांगण वेगळे.

आता आमच्या नाशिककडे येऊ. बाबासाहेबांचे एक विद्यार्थी असे, की ज्यांचे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर नव्हते. ते म्हणजे आंबे-दिंडोरीचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. १५ ऑक्टोबर १९०२ चा त्यांचा जन्म. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि त्याची नाशिकमधील धुरा भाऊरावांच्या खांद्यावर आली. बाबासाहेब कधी मुंबईत, कधी लंडनला गोलमेज परिषदेत. शिकवणी चालली होती ती टपालाने. पत्रातून सूचना यायच्या, चुका दाखविल्या जायच्या, पुढचे पाऊल सांगितले जायचे. मार्च १९३४ मधील पत्रात तर बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट लिहिले, की मूर्तिपूजक बनविणे हा या सत्याग्रहाचा हेतूच नव्हता. समाजाला जागे करायचे होते, ते झाले. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. चार वर्षे लाठ्या, दगड आणि तुरुंग सोसलेल्या माणसाला हे पचविणे सोपे नव्हते. पण दादासाहेबांना धडा कळला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा नाशिकची माणसे त्यांच्या पाठीशी उभी होती.

आणि ही पत्रे दादासाहेबांनी जपली! मोर्चे, सभा, तुरुंगवाऱ्या अशा धावपळीच्या जीवनात त्यांनी एकेक कागद सांभाळला, म्हणून आज बाबासाहेबांच्या पत्रव्यवहाराचा मोठा ठेवा छापील रूपात आमच्यासमोर आहे. सातारच्या गुरुजींचे पत्र बाबासाहेबांनी जपले. बाबासाहेबांची पत्रे नाशिकच्या विद्यार्थ्याने जपली. वारसा यालाच म्हणतात.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली दादासाहेब नाशिकमधून लोकसभेत गेले. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. मागण्यांत कसणाऱ्याला जमीन होती, धान्य होते, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणीही होती. ज्या बायांच्या अंगावर धड लुगडे नव्हते, त्या आपल्या शिक्षकाच्या चित्रासाठी तुरुंगात गेल्या! दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. ते चित्र संसदेत लागले १९९० साली. शिष्याला ते पाहता आले नाही, जसे केळुसकरांना दीक्षाभूमी पाहता आली नाही. पण ज्याची फळे आपल्याला खायला मिळणार नाहीत असे झाड लावणे, हीच तर खरी गुरुदक्षिणा.

तेव्हा नाशिकच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. वर्गणी बंद करा. ज्या दिवशी वर्गातील एक जरी पोर पैशाअभावी घरी बसते, त्या दिवशी शिक्षकाचा सत्कार होत नाही, अपमान होतो. शिक्षकांनीही ही गोष्ट आधीच वर्गात सांगून टाकावी. भेट द्यायचीच असेल तर स्वतःच्या हाताने एक पत्र लिहा. बाईंनी, सरांनी शिकविलेला कोणता धडा कोठे उपयोगी पडला, ते त्यात लिहा. त्याला एका कागदाचा खर्च येतो आणि शिक्षक तो कागद आयुष्यभर ठेवतो.

वर्गात प्रश्न विचारा. न कळलेले कळले म्हणू नका. न पटलेले पटले म्हणू नका. मिलिंदासारखा प्रश्न विचारणारा विद्यार्थी ज्या शिक्षकाला मिळतो, त्याच्या पगारात न मोजता येणारी भर पडते. मोठे झालात, नोकरी लागली, तर कोठल्या शाळेत, कोणाच्या हाताखाली शिकलात ते चारचौघांत नाव घेऊन सांगा. शाळा जिल्हा परिषदेची असो की आश्रमशाळा, लाजू नका. वर्षातून एकदा त्या शाळेत जा आणि दहावीच्या पोरांना एक रविवार गणित शिकवा. बुद्धविहारात पुस्तकांचे एक कपाट सुरू करा. एखाद्या मुलीची परीक्षा फी भरा आणि तिला तुमच्या गुरुजींचे नाव सांगा, तुमचे नाही. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे अपुऱ्या पगारावर राबणारे शिक्षक मोर्चा काढतात, तेव्हा त्यांच्या बाजूने दोन ओळी तरी लिहा. वर्षभर त्यांच्या पोटाकडे पाहायचे नाही आणि ५ सप्टेंबरला गुलाब द्यायचा, हे ढोंग आहे.

आणि ५ सप्टेंबरवरच का थांबायचे? ३ जानेवारी हा सावित्रीमाईंचा जन्मदिन आमचाच आहे. अंगावर शेण झेलून मुलींना शिकविणाऱ्या या शिक्षिकेचे ऋण फेडायला कोणतेही दुकान पुरे पडणार नाही. ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस आहे. त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या एका शिक्षकाला पत्र लिहावे, एवढा नेम नाशिकच्या वस्त्यांतून सुरू झाला तरी पुष्कळ झाले.

त्या सातवीतल्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. भिवाच्या ओंजळीत पडणारी भाकरी सांगितली, जपलेले पत्र सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने वहीचे एक पान फाडले आणि बाईंना पत्र लिहिले. चार ओळींचे असेल. शाळा सुटल्यावर ते बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते उभ्यानेच वाचले, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवले. त्या दिवशी बाकीच्या भेटवस्तू शाळेच्या टेबलावरच होत्या.

जयभीम!